तणनियंत्रक कोळ्यांचे संवर्धन

परमुलखातून येऊन माजलेल्या तणांना आवर घालण्यासाठी, त्या तणांच्या मूळ प्रदेशातील वनस्पतिभक्षी कोळी म्हणजे माइट (घरातल्या कोळ्याच्या नात्यातले आठ पायांचे अतिसूक्ष्म जीव) बंदिस्त जागी वाढवून रानात सोडण्याची पद्धत. जैविक तणनियंत्रणात कीटकांच्या मानाने कोळ्यांचा वापर कमी झाला आहे. ऑस्ट्रेलियात स्केलेटन वीड या गव्हाच्या शेतातील तणावर गाठी करणारा कोळी १९७१ मध्ये सोडण्यात आला. झांबियात जलपर्णीवरील कोळी सोडल्याची नोंदही त्याच सुमाराची आहे. संवर्धनाच्या दृष्टीने सर्वांत बारकाईने अभ्यासले गेलेले उदाहरण मात्र गॉर्स कोळ्याचे (टेट्रॅनिकस लिंटिॲरियस).

गॉर्स (युलेक्स युरोपियस) हे पश्चिम युरोपातील काटेरी, पिवळ्या फुलांचे शेंगावर्गीय झुडूप. कुंपणासाठी न्यूझीलंडमध्ये नेले गेले आणि कुरणे गिळून बसले. ब्रिटिश काळात ते निलगिरीतही आले व तेथे टिकले.

गॉर्स कोळी फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लेऑन द्युफूर यांनी १८३२ मध्ये वर्णिला. पिकांवरील दोन ठिपक्यांच्या कोळ्याचे (टे. अर्टिसी) वर्णन कॉख यांनी १८३६ मध्ये केले. दोन्ही एकच जाती आहेत की वेगळ्या, हा वाद पुढे बराच रेंगाळला. या वंशातील जाती मुख्यतः नराच्या जननांगाच्या टोकाच्या आकारावरून ओळखतात आणि येथे तो फरक फार थोडा आहे. वाद केवळ नामकरणाचा नव्हता: जाती एकच ठरली असती, तर तण मारायला सोडलेला कोळी भाजीपाल्यावर उतरण्याची भीती खरी ठरली असती. १९९१ च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये संकर-प्रयोग झाले. या कोळ्यांत फलन न झालेल्या अंड्यांतून फक्त नर निपजतात. म्हणून संकरातून माद्या निपजतात का आणि त्या पुढे प्रजननक्षम असतात का, हीच कसोटी. प्रयोगांत दोन्हींत प्रजननाचा अडसर आढळला. यजमान-चाचण्यांचे, म्हणजे कोळी कोणत्या वनस्पतींवर जगतो हे पाहणाऱ्या चाचण्यांचे, निष्कर्षही त्याला धरून असल्याने जाती वेगळ्या मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

संवर्धन कुंडीतील जिवंत झाडांवर, पिंजऱ्यात केले जाते. मादी जेमतेम अर्धा मिलिमीटर, विटकरी लाल. कोळी थव्याने राहतात, फांद्यांवर दाट जाळे विणतात आणि शेंड्याशी लाल गोळे करून जमतात. जुने झाड फिके पडू लागले की त्याच्या फांद्या नव्या झाडाला टेकवतात. कोळी आपण होऊन पलीकडे जातात. रानात सोडतानाही कोळ्यांनी भरलेल्या फांद्याच गॉर्सवर ठेवतात. संख्या वाढवणे त्यामुळे सोपे. कठीण आहे ती वसाहतीची शुद्धता. फायटोसेइड कुळातील परभक्षी कोळी एकदा आत शिरले की वसाहत पाहता पाहता विरळ होते. आयात वसाहती म्हणूनच आधी विलगीकरणात ठेवून तपासतात.

न्यूझीलंडमध्ये १९८९ पासून सोडलेले पहिले कोळी इंग्लंडमधील कॉर्नवॉलचे होते. जास्त पावसाच्या भागांत ते नीट रुजले नाहीत, म्हणून पुढे स्पेन व पोर्तुगालमधील वसाहती आणल्या गेल्या. हवामान जुळणाऱ्या ठिकाणचा वाण निवडण्याचे महत्त्व या अनुभवाने अधोरेखित झाले. अमेरिकेत ऑरेगनमध्ये १९९४ मध्ये, तर टास्मानियात १९९८ मध्ये हा कोळी सोडण्यात आला. टास्मानियातील एका अभ्यासात अडीच वर्षांत गॉर्सच्या पालवीचे शुष्क वजन सुमारे ३६ टक्क्यांनी घटलेले आढळले. झुडपे मात्र मेली नाहीत. सुरुवातीला डोंगरउतार पांढुरक्या जाळ्यांनी झाकले गेले, नंतर फायटोसिउलस पर्सिमिलिस हा परभक्षी कोळी व स्टेथोरस हे लेडीबर्ड भुंगेरे यांनी वसाहती फस्त केल्या. यातला फायटोसिउलस हरितगृहांतील कीडनियंत्रणासाठी व्यापारी प्रमाणावर पोसला जातो, तेव्हा एका नियंत्रकाने दुसऱ्याचा फडशा पाडला असेच म्हणावे लागेल.

भारतात जलपर्णीवरील ऑर्थोगॅलुम्ना टेरेब्रँटिस हा कोळी बंगळूर परिसरात १९८६ मध्ये सोडण्यात आला व तेथे रुजला. तो ओरिबाटिड गटातील. या गटातील बहुतेक जाती पालापाचोळा व बुरशी खाणाऱ्या, त्यामुळे हा अपवादच. मादी पानात अंडी घालते आणि पिल्ले शिरांच्या मधल्या भागातून सुमारे सहा मिलिमीटर लांबीची भुयारे करतात. २५ अंश सेल्सियसला अंडे सात-आठ दिवसांत उबते. दाट प्रादुर्भावात पान तपकिरी पडून वाळते, पण तलाव मोकळा करण्याचे काम याच दशकात आणलेल्या निओकेटिना सोंड्यांनीच अधिक केले.