खोक्यावर होम, पडद्यावर प्रो

मागच्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. अक्षता पडल्या आणि नवरा-नवरीच्या मागे लावलेल्या भल्यामोठ्या एलईडी पडद्यावर त्यांचे फोटो सुरू झाले. गुलाबी पाकळ्या, दोघांची नावं, आणि उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, नवरदेवाच्या फेट्याला जवळजवळ टेकून, राखाडी अक्षरांत 'ॲक्टिव्हेट विंडोज'. फोटो बदलत होते, ती पाटी काही हलत नव्हती.

शेजारी माझी मावसबहीण बसली होती. ज्युनिअर कॉलेजात शिकवते. तिनं कोपरानं ढोसलं, "दादा, हे आमच्या पण लॅपटॉपवर येतं. व्हायरस आहे का रे?"

व्हायरस नाही. विंडोजला आपला परवाना पटला नाही, म्हणजे ॲक्टिव्हेशन झालं नाही, की ती ही पाटी लावते. पण तिचा पुढचा प्रश्न, परवान्याच्या 'की'चा म्हणजे पंचवीस अक्षरी क्रमांकाचा, जास्त बोलका होता : "नवीन की विकत घ्यावी लागेल का? ऑनलाइन चारशे रुपयांत लाइफटाइम मिळते म्हणे." लॅपटॉप तीन वर्षांपूर्वी शोरूममधून, पावतीसकट घेतलेला. म्हणजे विंडोजचे पैसे तिनं त्याच दिवशी भरलेले होते. मग पाटी का यावी?

रविवारी तिच्या घरी गेलो. सेटिंग्जमधलं ॲक्टिव्हेशनचं पान उघडलं. वर लिहिलेलं 'विंडोज ११ प्रो' आणि खाली तक्रार, की तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हरशी संपर्क होत नाही. "कुठली संस्था? आमचं कॉलेज?" ती गोंधळली. मी विचारलं, लॅपटॉपचं खोकं आहे का. खोकं माळ्यावर होतं, आकाशकंदिलाच्या शेजारी. त्यावरची धूळ पुसली तर बारीक अक्षरांत छापलेलं : 'विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज'.

निदान तिथंच झालं. यंत्राला परवाना विंडोजच्या होम आवृत्तीचा, अंगावर कपडे प्रो आवृत्तीचे. दसऱ्याच्या सुमारास लॅपटॉप हळू चालतो म्हणून तिनं तो गावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिला होता. त्यानं 'फॉरमॅट मारून', म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं बसवून दिला. आपल्याकडे फॉरमॅट हा संगणकाचा अंगारा झाला आहे. पंखा आवाज करतो, फॉरमॅट. इंटरनेट चालत नाही, फॉरमॅट. रोग कुठला हे बघायच्या आधी अंगारा लावून मोकळं व्हायचं. त्या अंगाऱ्यातून हा नवा रोग आला होता.

आता एक गोष्ट नीट समजून घेऊ. विंडोज म्हणजे फाइलींचा ढिगारा. तो कुणीही मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवू शकतो, त्यात बेकायदा काही नाही. पैसे असतात ते तो ढिगारा वापरायच्या परवान्याचे. आणि परवाना आवृत्तीनुसार असतो : होम, प्रो, एज्युकेशन, एंटरप्राइज. भारतात घरगुती वापरासाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपवर असतं ते होमचं 'सिंगल लँग्वेज' नावाचं भावंड. त्यात पडद्यावरची भाषा एकदा बसवली की सेटिंग्जमधून बदलता येत नाही. (मराठी टायपिंगला त्यानं काही अडत नाही.)

हा परवाना राहतो कुठं? विंडोज ७ पर्यंत लॅपटॉपच्या पोटाला स्टिकर असायचा, त्यावर पंचवीस अक्षरांची की. मांडीवरच्या उबेनं आणि घामानं दोन-तीन वर्षांत ती अक्षरं पुसून जायची. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून कारखान्यातच ती की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहून ठेवायला सुरुवात झाली. संगणक सुरू होताना फर्मवेअर (मदरबोर्डवरच्या चिपमध्येच राहणारा छोटा प्रोग्राम) ऑपरेटिंग सिस्टिमसाठी, म्हणजे इथं विंडोजसाठी, काही तक्ते मांडून ठेवतं : बॅटरी अशी, प्रोसेसर एवढे, झोपायचं तर असं झोपा. प्रत्येक तक्त्याला चार अक्षरी नाव असतं. त्यातल्या 'एमएसडीएम' नावाच्या तक्त्यात की असते. सगळा तक्ता फक्त ८५ बाइटचा (एका बाइटात एक इंग्रजी अक्षर मावतं). ३६ बाइट शीर्षकाचे, २० इतर माहितीचे आणि उरलेले २९ म्हणजे २५ अक्षरं अधिक ४ आडव्या रेघा. कुलूप नाही, सांकेतिक लिपी नाही, साध्या अक्षरांत लिहिलेलं. हार्ड डिस्क बदला, दहा वेळा फॉरमॅट मारा, ते ८५ बाइट जागेवरच राहतात. मदरबोर्ड बदलला तर मात्र जातात.

आणि ही पंचवीस अक्षरं म्हणजे माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत देखणी चीज आहे. थोडं थांबून बघू.

कीमध्ये वाटेल ती अक्षरं येत नाहीत. मूळ संच २४ चिन्हांचा : सतरा इंग्रजी अक्षरं आणि २, ३, ४, ६, ७, ८, ९ हे अंक. शून्य नाही, कारण ते ओसारखं दिसतं. एक नाही, कारण आय आणि एलशी घोटाळा. पाच आणि एस दोघेही गायब. ए, ई, आय, ओ, यू हे स्वरही नाहीत, त्यामुळे पंचवीस अक्षरांत चुकून एखादी शिवी उमटायचा प्रश्न मिटला.

शाळेत दशमान पद्धत शिकलो : एकं, दहं, शतं, प्रत्येक घर आधीच्याच्या दसपट. इथं चोवीसमान पद्धत आहे, प्रत्येक घर चोवीसपट. बी म्हणजे शून्य, सी म्हणजे १, डी म्हणजे २, मग ई गाळून एफ म्हणजे ३. तर 'सीडीएफ' ही तीन अक्षरं म्हणजे किती? एफचे ३, डीचे २ गुणिले २४ म्हणजे ४८, सीचा १ गुणिले ५७६. एकूण ६२७. असंच पंचवीस घरं गेलात तर शक्य असलेल्या संख्या होतात सुमारे ३२ वर ३३ शून्यं. संगणकाच्या भाषेत, म्हणजे शून्य-एकच्या घरांत मोजलं तर, ११४ बिटांहून थोड्या जास्त. म्हणजे की हा 'पासवर्ड' नाहीच. ती एक प्रचंड मोठी संख्या आहे, आणि तिचे तुकडे करून वाचायचे असतात.

विंडोज ८ पासून यात एक गंमत घातली आहे. तुमच्याकडे विंडोज १० किंवा ११ ची की असेल तर काढून बघा : त्यात एन हे अक्षर एकदाच सापडेल. मुळात ते २४ च्या संचात नाहीच. मग आलं कुठून? ते अक्षर नाही, खूण आहे. एनच्या आधी किती अक्षरं आहेत ते मोजा, तेवढा पहिल्या घराचा अंक. मग एन पुसून टाका, तो अंक सगळ्यात पुढे ठेवा आणि संख्या वाचा. एका अक्षराची जागा हेच त्याचं मूल्य. इतकी साधी आणि खोडकर युक्ती फार थोड्या ठिकाणी बघायला मिळते.

संख्या हाती आली की तिचे बिट वेगळे काढतात. काही बिट गटक्रमांकाचे, काही त्या गटातल्या अनुक्रमांकाचे, काही सुरक्षेचे, काही तपासणीचे. गटक्रमांक घेऊन विंडोज स्वतःजवळच्या एका यादीत बघतं : हा गट होमचा, हा प्रोचा, हा दुकानातून सुटा विकलेला, हा लॅपटॉप कंपनीला दिलेला. म्हणजे आवृत्ती कीच्या आतच लिहिलेली आहे. म्हणूनच होमची की प्रोवर चालत नाही. बहिणीच्या लॅपटॉपवर मी मुद्दाम प्रयत्न केला. चिपमधली की वाचली, कमांडनं चालू प्रोमध्ये घातली, आणि उत्तर आलं ते सी००४एफ०६९ वर संपणाऱ्या त्रुटी-क्रमांकाचं. अर्थ असा की हा माल इथल्या यादीत नाही. की खरी, यंत्र खरं, पण समोरची विंडोज भलतीच.

तपासणीचं गणित पूर्वी किती भाबडं होतं ते सांगायचा मोह आवरत नाही. विंडोज ९५ ची की निव्वळ अंकांची. शेवटच्या सात अंकांची बेरीज ७ नं भागली गेली की झालं. त्यामुळे सगळे एकच एक टाकले, १११-१११११११, तरी ती खुशाल 'ये' म्हणायची. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं तेव्हा कीमध्ये एलिप्टिक कर्व्ह नावाच्या अवघड गणितावर आधारलेली, नक्कल करायला कठीण अशी छोटी डिजिटल सही आली, सोबत ॲक्टिव्हेशनही आलं. पण एका मोठ्या ग्राहकासाठीची, ॲक्टिव्हेशन न लागणारी की बाजारात येण्याआधीच फुटली. त्या काळात असेम्बल्ड पीसी घेतलेल्या माझ्या पिढीला 'एफसीकेजीडब्ल्यू' ही तिची पहिली पाच अक्षरं अजून पाढ्यासारखी पाठ आहेत. धडा मायक्रोसॉफ्टनं घेतला. आज शेवटचा निकाल तुमच्या यंत्रावर लागतच नाही, तो सर्व्हरवर लागतो. विंडोज १० पासून सर्व्हर तुमच्या हार्डवेअरचा ठसा 'डिजिटल लायसन्स' म्हणून लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी की मागतही नाही.

मग दुरुस्तीवाल्याचा प्रो सहा महिने तरी कसा चालला? मोठ्या कंपन्या एकेक यंत्र मायक्रोसॉफ्टकडे नोंदवत नाहीत. आपल्याच नेटवर्कवर एक ॲक्टिव्हेशन सर्व्हर ठेवतात. किमान २५ यंत्रांनी विचारणा केली की तो ॲक्टिव्हेशन द्यायला लागतो, आणि ते १८० दिवस टिकतं. यंत्र दर सात दिवसांनी हजेरी लावून मुदत वाढवून घेतं. चोरटे ॲक्टिव्हेटर अशा सर्व्हरचं सोंग घेतात. सोंग उतरलं, अँटिव्हायरसनं उडवलं, की १८० दिवस मोजायला सुरुवात. दसऱ्यापासून १८० दिवस मोजा, पाडवा उलटून दहा-पंधरा दिवस होतात. पाटी नेमकी तेव्हाच उगवली होती. ती 'तुमची संस्था' म्हणजे हेच सोंग. चारशे रुपयांच्या 'लाइफटाइम' कीही बहुतेकदा कुठल्यातरी कंपनीच्या किंवा विद्यापीठाच्या परवान्यातून ओघळलेल्या असतात. लाइफटाइम खरं, पण कुणाचा लाइफ ते विचारायचं नाही.

आता उपाय. होमवरून प्रोवर जायचं असेल तर खऱ्या प्रोची की टाकायची, एकदा रीस्टार्ट, संपलं. याचं कारण असं की प्रोचे बरेचसे भाग होममध्ये आधीच बंद कपाटात ठेवलेले असतात, की फक्त कपाट उघडते. उलट दिशा मात्र बंद आहे. प्रोवर बिटलॉकरनं डिस्क कुलूपबंद केलेली असेल, यंत्र कंपनीच्या डोमेनला (एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या यंत्रांच्या गटाला) जोडलेलं असेल, कंपनीनं ठरवलेले ग्रुप पॉलिसीचे नियम लागू असतील. हे सगळं सुखरूप उकलून परत गुंडाळायचं काम मायक्रोसॉफ्टनं अंगावर घेतलेलं नाही. डिझम नावाच्या साधनाला विचारलं, 'इथून कुठल्या आवृत्तीत जाता येईल?' तर प्रोवर ते एज्युकेशन, एंटरप्राइज वगैरे नावं सांगतं, होमचं नाव घेत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, आवृत्तीचं नाव खोडून इन्स्टॉलरला (विंडोज बसवणाऱ्या प्रोग्रामला) फसवायची एक युक्ती फिरत असते. काहींचं जमतं. अकरावीच्या पेपरांचे गठ्ठे ज्या लॅपटॉपवर आहेत तिथं मी ती करणार नाही.

तेव्हा स्वच्छ इन्स्टॉलेशन. आधी फाइली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. बिटलॉकर चालू आहे का, ते बघितलं (असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा, नंतर रडून उपयोग नाही). मायक्रोसॉफ्टच्या साधनानं पेन ड्राइव्ह तयार केला. एका पेन ड्राइव्हवर होम, सिंगल लँग्वेज, प्रो सगळ्या आवृत्त्या मावतात, कारण पेन ड्राइव्हवरच्या प्रतिमेत (विंडोजच्या सगळ्या फाइलींच्या एकाच गाठोड्यात) सामाईक फाइल एकदाच साठवतात आणि प्रत्येक आवृत्ती तिच्याकडे फक्त बोट दाखवते.

आणि मग मला आवडणारा क्षण. इन्स्टॉलरनं 'कुठली आवृत्ती हवी?' हा पडदा दाखवलाच नाही. त्यानं गुपचूप ते ८५ बाइट वाचले, कीचा गट ओळखला आणि सिंगल लँग्वेज बसवायला घेतलं. मग दुरुस्तीवाल्याकडे असं का झालं नाही? बहुधा त्याच्या पेन ड्राइव्हवर 'सोर्सेस' फोल्डरमध्ये ईआय डॉट सीएफजी ही चार ओळींची फाइल असणार. ती असली की इन्स्टॉलर चिपकडे बघत नाही, फाइल सांगते ते ऐकतो. रोज वीस वेगवेगळी यंत्रं हाताळणाऱ्याला सगळ्यांना एकच पोशाख चढवणं सोयीचं पडतं.

पाऊण तासात डेस्कटॉप आला. वायफाय जोडलं, चहा होईपर्यंत ॲक्टिव्हेशनच्या पानावर हिरवी खूण. एकही अक्षर टाइप करावं लागलं नाही.

बहीण कोपऱ्याकडे बघत होती. पाटी नव्हती. "म्हणजे मी दसऱ्याला त्याला बाराशे रुपये दिले ते कशाचे?" तिनं विचारलं. मी चहा घेतला.