अवकाशयानाला शिशाचं अस्तर का नसतं?

एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ शिशाचा एप्रन घालतो, मग मंगळावर जाणाऱ्या यानालाही शिशाचं अस्तर द्या, असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. वजनाचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी शिशामुळे आतला किरणोत्सार वाढूही शकतो.

एक्स-रे हा प्रकाशाचाच भाऊबंद. अवकाशात गाठ पडते ती भरधाव कणांशी. सौर वादळातला 100 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे कणाच्या ऊर्जेचं एकक) प्रोटॉन पाण्यात जेमतेम 8 सेंटिमीटर जातो. सूर्यमालेबाहेरून येणाऱ्या वैश्विक किरणांमधला 1 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टवाला प्रोटॉन तीन मीटर पाणीही पार करू शकतो. या वैश्विक किरणांत लोखंडाची अणुकेंद्रकंही असतात. ती संख्येने किरकोळ, पण आयनीभवन (वाटेतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवणं) विद्युतभाराच्या वर्गाच्या पटीत वाढतं. लोखंडाच्या केंद्रकाचा भार प्रोटॉनच्या 26 पट, म्हणजे आयनीभवन त्याच वेगाच्या प्रोटॉनच्या 26 गुणिले 26, तब्बल 676 पट!

असा कण भिंतीतल्या अणुकेंद्रकावर आदळला की दोघांच्याही ठिकऱ्या उडतात. शिशाच्या केंद्रकात सव्वाशे न्यूट्रॉन. त्यातले बरेच सुटून आत शिरतात, आणि विद्युतभार नसल्यामुळे सहजी अडत नाहीत. हायड्रोजनच्या केंद्रकात मुळात एकच प्रोटॉन, तिथून उडणार काय? शिवाय कणाचा वेग कमी करतात ते भिंतीतले इलेक्ट्रॉन. केंद्रकातल्या दर कणामागे हायड्रोजनकडे 1 इलेक्ट्रॉन, ॲल्युमिनियमकडे 0.48, शिशाकडे 0.40. त्यात न्यूट्रॉन आणि प्रोटॉन जवळपास समान वजनाचे, त्यामुळे एका टकरीत न्यूट्रॉन सरासरी निम्मी ऊर्जा गमावतो. शिशावर तो जवळपास तेवढ्याच ऊर्जेने उसळतो. म्हणून पॉलिथिलीन (वजनाने 14 टक्के हायड्रोजन) आणि पाणी (11 टक्के) हे पसंतीचे पदार्थ. पॉलिथिलीन जळतं आणि यानाचा सांगाडा पेलण्याइतकं मजबूत नसतं, तेव्हा ॲल्युमिनियम पुरतं सुटत नाही.

भिंत मोजतात दर चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम, या हिशेबाने. 20 ग्रॅम म्हणजे 7.4 सेंटिमीटर ॲल्युमिनियम किंवा 20 सेंटिमीटर पाणी. 4 मीटर व्यासाचं, 6 मीटर लांबीचं दंडगोल यान चहूबाजूंनी तेवढं झाकायचं तर 20 टन लागतात. एवढं करूनही वैश्विक किरणांचा बराचसा मारा आत येतोच. नासाची क्युरिऑसिटी ही बग्गी 2011-12 मध्ये मंगळाकडे जात असताना तिच्यावरच्या उपकरणाने दिवसाला सुमारे 1.8 मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) मोजले होते. (‘आज रात्री वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार, मोबाइल बंद ठेवा’ हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांसाठी: ते रोज, चोवीस तास येतात. आपल्या डोक्यावर दर चौरस सेंटिमीटरला एक किलो हवा आहे आणि मोबाइलचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही.)

तेव्हा व्यवहारात सौर वादळापुरता आडोसा करतात. 2 मीटर व्यासाचा, 2 मीटर लांबीचा कप्पा तितकाच झाकायला पावणेचार टन पुरतात, आणि त्यातलं पुष्कळसं पाणी, अन्न, सामान यानात असतंच. फक्त ते कप्प्याभोवती रचायचं. नासाच्या ओरायन यानात अंतराळवीरांनी सामानाच्या पिशव्या भोवती रचून मधे बसायचं, अशीच योजना आहे. रचताना फट ठेवून चालत नाही, कारण वादळ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात प्रोटॉन सगळ्या दिशांनी येऊ लागतात. प्रवासात पाणी, अन्न संपत जातं तशी भिंतही पातळ होते. म्हणून रिकाम्या पिशव्यांत शुद्ध करून घेतलेलं सांडपाणी किंवा दाबून बांधलेला कचरा भरून त्या पुन्हा जागच्या जागी लावाव्या लागतात.