थप्पी लागली की वायफाय का मरतंय?

दसरा जवळ आला की लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढते आणि आमच्या मामांच्या आडतीवर वायफाय रडायला लागतं. म्हणजे पूर्ण बंद नाही, मोबाईलवर दोन-तीन काड्या दिसतात, पण राउटर हापिसात, मधी सोयाबीनच्या कट्ट्यांची थप्पी, आणि गोडाऊनच्या मागच्या दारात उभं राहून वजनाची एंट्री करायला गेलं की नुसतं गोल गोल फिरत बसतं. मुनीम बिचारे मोबाईल वर धरून हापिसाकडं चालत येणार, एंट्री करणार, परत जाणार. दोन सीझन आम्ही सगळे नेटवाल्यालाच बोलत होतो. पण उन्हाळ्यात तीच लाईन, तोच राउटर एकदम मस्त चालायचा, मग नेटवाल्याचा दोष कसा?

उत्तर मामांच्या टेबलावरच होतं, मॉइश्चर मीटर. त्याच्या वाटीत दाणे टाकले की दाण्यातल्या पाण्यामुळं विजेच्या गुणधर्मात जो फरक पडतो तो मोजून ते ओलावा सांगतं. पाण्याचा रेणू एका बाजूनं जरासा प्लस आणि दुसऱ्या बाजूनं जरासा मायनस असतो, आणि वायफायची लहर म्हणजे सेकंदाला साधारण २४० कोटी वेळा मागं-पुढं हेलकावणारं विद्युत क्षेत्र, त्याच्याबरोबर तो रेणू वळायला बघतो आणि त्यात लहरीची ताकद खाऊन टाकतो. आता हिशोब करा, १०० क्विंटलची थप्पी आणि ओलावा १२ टक्के धरला तर त्यात १२ क्विंटल पाणी झालं, म्हणजे १२०० लिटर! दाण्यातलं पाणी टाकीतल्या पाण्यासारखं मोकळं नसतं म्हणून तेवढं शोषत नाही हे खरं, पण थप्पी चार-पाच कट्टे जाड असली की तेवढं बास होतं. वर पत्र्याचं छत, पत्रा तर लहरीला सरळ परतवूनच लावतो. उन्हाळ्यात गोडाऊन रिकामं असतं, म्हणून वायफाय पळतं.

मामांनी मधी एक मोठ्या अँटेनाचा, जास्त पॉवरचा राउटर आणला होता. काड्या वाढल्या, काम तसंच. ही चूक लई जण करतात म्हणून नीट सांगतो. वायफाय म्हणजे लाऊडस्पीकर नाही, ते दोघांचं बोलणं आहे. राउटरनं कितीबी मोठ्यानं हाक मारली तरी मोबाईलला त्याच्या छोट्या बॅटरीवर, बारीक आवाजात उत्तर द्यायचं असतं, आणि ते थप्पीच्या पलीकडून ऐकूच येत नाही. काड्या दाखवतात ती राउटरची हाक, मोबाईलचं उत्तर पोचलं का ते नाही. त्यात मोकळ्या हवेतसुद्धा अंतर दुप्पट झालं की ताकद चौथा हिस्साच उरते.

दुसरी गोष्ट त्याच्याहून महत्त्वाची, ती म्हणजे पाळी. मोंढ्यातल्या लिलावात सगळे एकदम ओरडतात आणि तरी सौदा होतो, पण वायफायमधी एका चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या एका रस्त्यावर, एका वेळी एकानंच बोलायचं असतं. प्रत्येक डिव्हाईस आधी कान देऊन ऐकतं, हवा शांत असली की मनातल्या मनात एक आकडा धरतं, ० ते १५ मधला, तेवढं थांबतं आणि मग बोलतं. दोघांचा आकडा एकच निघाला तर टक्कर, मग आकड्यांची रेंज दुप्पट करून परत पहिल्यापासून. त्यामुळं हळू बोलणारा एक जण सगळ्यांना अडवतो. १५०० बाईटचं एक पाकीट १०० एमबीपीएसला हवेत ०.१२ मिलिसेकंद घेतं, तेच लांबच्या मोबाईलनं १ एमबीपीएसला पाठवलं तर १२ मिलिसेकंद, शंभर पट! मागच्या दारात उभा असलेला एक माणूस म्हणूनच पूर्ण हापिसाचं नेट बसवतो.

इथं ॲक्सेस पॉइंट कामाला येतो. घरच्या राउटरच्या डब्यात तीन कामं एकत्र असतात, बाहेरच्या नेटशी जोडणं, आतल्या वायरी वाटणं आणि हवेत रेडिओ चालवणं. ॲक्सेस पॉइंट यातलं फक्त तिसरं करतो, वायरीतून आलेलं हवेत सोडायचं आणि हवेतलं वायरीत घालायचं. सेकंदाला साधारण दहा वेळा तो ‘मी इथं आहे, माझं नाव हे’ असं सांगत राहतो आणि मोबाईल ते ऐकून जवळचा निवडतो. म्हणून मोठ्या आवाजाचा एक घेण्यापेक्षा हळू आवाजाचे चार, थप्पीच्या दोन्ही अंगाला, प्रत्येकाला मागून वायर, नाव-पासवर्ड सगळ्यांना एकच. मुनीम चालत गेले की मोबाईल एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो. आवाज मात्र कमीच ठेवायचा, नाहीतर मोबाईल लांबच्यालाच चिकटून बसतो, कारण कधी सोडायचं हे शेवटी मोबाईल ठरवतो. २.४ गिगाहर्ट्झला, म्हणजे त्या २४० कोटीवाल्या लहरीला, १, ६ आणि ११ हेच तीन चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून शेजारच्यांना वेगवेगळे द्यायचे. ५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर, २०१८ ला आपल्याकडं त्यातला मोठा भाग बिनपरवाना वापरायला मोकळा झाला.

वायर न टाकता रिपीटर लावू नका. एकाच रेडिओवर तो ऐकतो आणि तेच परत बोलतो, म्हणजे अर्धा वेळ तिथंच गेला.

सगळ्या वायरी हापिसातल्या १६ पोर्टच्या स्विचला, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणाऱ्या डब्याला येतात, आमच्या लातूरच्या गंज गोलाई चौकाला १६ रस्ते येतात तशा. त्याच वायरीतून वीजही जाते, म्हणून लाईट गेली तरी स्विचला एक यूपीएस असला की ॲक्सेस पॉइंटचे चारही डबे चालू. आणि मालाच्या हिशोबपट्टीची वाट बघत बसलेल्या शेतकऱ्यांना वेगळ्या नावाचं वायफाय देता येतं, डबा तोच, पण व्हीलॅन नावाच्या सोयीनं आतला रस्ता वेगळा, त्यातून हिशोबाच्या कॉम्प्युटरपर्यंत कुणाला जाता येत नाही. मामांना हेच सगळ्यात जास्त आवडलं, ‘लोक तासतास बसतात रे, त्यांना बी मिळायला पाहिजे’ म्हणले.

यंदा चार डबे लागलेत, फक्त वजनकाटा राहिलाय. तो १०० मीटरच्या पुढं आहे, तांब्याची वायर तेवढ्यापर्यंतच नीट चालते. शिवाय आपल्याकडं वैशाखात विजा काय कडाडतात, दोन बिल्डिंगांमधली तांब्याची वायर तो झटका थेट स्विचपर्यंत आणू शकते. काचेच्या फायबरमधून वीज वाहतच नाही, म्हणून दिवाळी झाली की काट्यापर्यंत फायबर ओढायची.