बोर्ड बाहेर काढता येईना, म्हणून पेटीच उघडी केली

रडारमध्ये किंवा मानवरहित विमानात बसणारा संगणक बोर्ड शेवटी ॲल्युमिनियमच्या बंद पेटीत जातो. त्याआधी बराच काळ तो प्रयोगशाळेच्या टेबलावर असतो, आणि तेव्हा अभियंत्याला एकच गोष्ट हवी असते: बोर्ड चालू असताना त्यावर नेमक्या जागी प्रोब, म्हणजे मोजमापाच्या यंत्राची सुई, टेकवता यावा. टेबलावरची उघडी चासी, म्हणजे बोर्ड बसवायचा सांगाडा, बनते ती एवढ्यासाठी.

१९८१ साली आलेल्या व्हीएमई या जुन्या मानकाच्या बोर्डांच्या काळात हे काम सोपं होतं. स्लॉटमधून बोर्ड काढायचा, तिथे एक्स्टेंडर कार्ड खोचायचं आणि त्याच्या टोकाला बोर्ड लावायचा. अख्खा बोर्ड पेटीबाहेर! व्हीएमईचा मूळ वेग सेकंदाला साधारण ४० मेगाबाइट. वाटेत वीतभर तांबं वाढलं तरी फारसं बिघडत नसे.

त्यानंतरच्या, आजच्या व्हीपीएक्स मानकाच्या बोर्डांना हे चालत नाही. तारांच्या एकेका जोडीतून सेकंदाला १० अब्ज बिट धावत असतील, तर एका बिटच्या वाट्याला १०० पिकोसेकंद येतात. तेवढ्या वेळात बोर्डावरचा सिग्नल जेमतेम दीड सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणजे १६ सेंटिमीटरच्या एक्स्टेंडरवर एकाच वेळी दहाएक बिट रांगेने वाटेत असतात. प्रत्येक कनेक्टरपाशी सिग्नलचा थोडा भाग उलटा परततो आणि मागून येणाऱ्या बिटमध्ये मिसळतो. बोर्डातली काचतंतूंची पाटी उच्च वारंवारिता शोषते ते वेगळंच. बोर्डांमधली जोडणी, म्हणजे लिंक, जुळत नाही, किंवा कमी वेगावर जुळते. खरा घोळ पुढे आहे: दोष बोर्डाचा की एक्स्टेंडरचा, हेच कळत नाही. चाचणीचं साधनच शंकास्पद झालं, की त्या मोजमापाला अर्थ उरत नाही.

म्हणून बोर्ड खऱ्या बॅकप्लेनमध्येच, म्हणजे सारे स्लॉट जोडणाऱ्या मागच्या पाटीतच, ठेवायचा आणि भोवतीचे पत्रे काढायचे. ३यू या आकाराचा बोर्ड १०० बाय १६० मिलिमीटरचा, दोन स्लॉटमधलं अंतर सहसा २५.४ मिलिमीटर. शेजारी दुसरं कार्ड असेल तर त्या फटीत प्रोब धड शिरत नाही. तपासायचा बोर्ड कडेच्या स्लॉटमध्ये घेतात, बाजू मोकळी मिळते.

मोकळेपणाची किंमत उष्णतेत मोजावी लागते. पंख्याचा झोत कार्डांमधून जाण्याऐवजी उघड्या बाजूने निसटतो. काही बोर्डांना तर हवा लागतच नाही. त्यांची उष्णता कडांवरून पेटीच्या भिंतीत उतरते. कडेला वेज लॉक असतो. त्याचा स्क्रू आवळला की तिरक्या पाचरी एकमेकींवर सरकतात आणि कड धातूच्या खाचेत घट्ट दाबली जाते. घाईत तो सैल राहिला, तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवतो आणि आपण सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतो. टेबलावरही वेज लॉक ठरलेल्या टॉर्कनेच, म्हणजे पिळण्याच्या ठरलेल्या जोरानेच, आवळावा, असं माझं ठाम मत आहे.

बॅकप्लेनचाही विचार करावा लागतो. व्हीएमईत साऱ्या कार्डांना तारा सामाईक होत्या. व्हीपीएक्समध्ये कोणता स्लॉट कोणाशी जोडायचा हे बॅकप्लेनच्या तांब्यातच ठरतं. रचना पक्की होईपर्यंत काही गट फक्त वीज आणि ग्राउंड देणारी बॅकप्लेन घेतात आणि बाकीच्या जोडण्या मागून केबलने करतात.

कंपनाची आणि विद्युतचुंबकीय गळतीची परीक्षा मात्र इथे होत नाही. त्यासाठी बोर्डाला खऱ्या, बंद पेटीतच जावं लागतं.