सुटायचं कधी, हे शुक्राणू ठरवत नाही

नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राचं ॲक्ट्रेक आहे. कर्करोगावर संशोधन करणारी संस्था; तिथे पेशी एकमेकींना कशा धरून राहतात, याचाही अभ्यास होतो. पकड सुटली की कर्कपेशी पसरायला मोकळ्या. तिथल्या गटाच्या २०१४ मधल्या शोधनिबंधात मात्र कर्कपेशींच्या जोडीला उंदराचं वृषणही होतं. '१४-३-३ गॅमा' हे प्रथिन कमी केलं, तर प्लाकोग्लोबिन नावाचं पकडीचं प्रथिन पेशीच्या कडेपर्यंत पोहोचत नाही आणि दोन्हीकडे पकड ढिली पडते.

वृषणात ही ढिलाई महागात पडते. माणसाचा शुक्राणू तयार व्हायला साधारण सत्तर दिवस लागतात. एवढा काळ त्याला धरून पोसतात त्या सर्टोली पेशी. इटलीच्या एन्रिको सर्टोली यांनी १८६५ मध्ये त्यांचं वर्णन केलं. घडता घडता शुक्रपेशी, म्हणजे अजून तयार होत असलेला शुक्राणू, वृषणातल्या बारीक नलिकेच्या भिंतीकडून आतल्या पोकळीकडे सरकते. वाटेत सर्टोली पेशींनीच एकमेकींना घट्ट बिलगून उभा केलेला अडसर असतो. तो हवाच, कारण शुक्राणूंची प्रथिनं वयात येताना पहिल्यांदा दिसतात आणि रोगप्रतिकार यंत्रणा त्यांना परकं समजू शकते.

मग पेशी पलीकडे जाते कशी? पुढचं दार उघडण्याआधी तिच्या मागे नवं दार लागतं. या नव्या दारासाठी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक लागतं. ते सर्टोली पेशीत शिरून आपल्याला ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनाला चिकटतं, ही जोडी डीएनएवर बसते आणि ठरावीक जनुकं कामाला लागतात. उंदरात क्लॉडिन-३ या दाराच्या प्रथिनाचं जनुक त्यांपैकीच.

मला सगळ्यात गमतीचा वाटतो तो शेवटचा, शुक्राणू सुटण्याचा टप्पा. तयार होत आलेल्या शुक्राणूचा डीएनए प्रोटामीन प्रथिनांमुळे इतका करकचून आवळला जातो की जनुकं वाचताच येत नाहीत. पुढे लागणाऱ्या प्रथिनांचे आरएनए संदेश आधीच साठवलेले असतात, त्यावरच काम भागवायचं. ऐन वेळी नवा जनुकीय हुकूम काढू शकते ती सर्टोली पेशीच. तिच्या पृष्ठभागावरचं नेक्टिन-२ हे पकडीचं प्रथिन शुक्रपेशीवरच्या नेक्टिन-३ ला धरतं. नेक्टिन-२ नसलेले नर उंदीर वंध्य निघतात. टेस्टोस्टेरॉन घटवलं, तर अर्धवट घडलेल्या शुक्रपेशी वेळेआधीच गळतात.

ही पकड मुद्दाम सोडवून पुरुषांसाठी गर्भनिरोधक करता येईल का, याचेही प्रयोग झाले. ॲडजुडिन या रेणूने उंदरांत शुक्रपेशी गळाल्या आणि औषध थांबवल्यावर प्रजननक्षमता परतली. काही प्राण्यांच्या यकृतावर मात्र दुष्परिणाम दिसले.