शस्त्रक्रियेतील प्रतिबंधक प्रतिजैविके

शस्त्रक्रियेच्या जखमेत जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून चिरा घेण्याआधी रुग्णाला दिली जाणारी प्रतिजैविकाची मात्रा. ती कोणाला द्यायची, कोणत्या औषधाची, किती वाजता आणि कधी थांबवायची, याचे नियम ठरलेले आहेत. घरात ज्याला ‘टाके पिकले’ म्हणतात, तोच हा संसर्ग. शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांपर्यंत त्यावर लक्ष ठेवतात. कृत्रिम सांधा किंवा हर्नियाची जाळी बसवली असेल, तर ९० दिवसांपर्यंत. पोटात आधीच फुटलेले अपेंडिक्स असेल, तर तिथे दिलेले औषध हा उपचार असतो. त्याचा काळ आणि हिशेब वेगळा.

या पद्धतीचा सगळा भर वेळेवर आहे. जॉन बर्क या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९६१ मध्ये गिनीपिगांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्वचेत जंतू शिरण्याआधी किंवा शिरताना औषध रक्तात असेल, तर सूज जवळजवळ येतच नाही. जितका उशीर तितका उपयोग कमी, आणि तीन तासांनंतर दिलेले औषध न दिल्यासारखेच, असे त्यांना दिसले. माणसांतला पुरावा १९९२ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या एका रुग्णालयातून आला. तिथल्या २,८४७ रुग्णांपैकी ज्यांना चिऱ्याच्या आधीच्या दोन तासांत औषध मिळाले, त्यांच्यात संसर्गाचे प्रमाण ०.६ टक्के होते. त्याहून लवकर दिलेल्यांत ते ३.८ टक्के, आणि चिऱ्यानंतर तीन तास उलटून गेल्यावर दिलेल्यांत ३.३ टक्के. म्हणजे घाई आणि उशीर जवळपास सारखेच महागात पडले.

घाईचे उदाहरण वॉर्डात सहज सापडते. सकाळी सातला सिस्टरने इंजेक्शन दिले, आधीचे ऑपरेशन लांबले, आणि रुग्ण थिएटरच्या दाराशी स्ट्रेचरवर दहापर्यंत पडून राहिला. चिरा घेताना रक्तातले औषध ओसरू लागलेले असते. म्हणून हे इंजेक्शन वॉर्डात न देता थिएटरमध्ये, भूल देतानाच द्यावे, ही रीत सर्वांत भरवशाची. नेहमीचे औषध सेफाझोलिन. कुपीतली पांढरी भुकटी पाण्यात विरघळवून भूलतज्ज्ञ ती तीन ते पाच मिनिटांत हळूहळू शिरेतून देतात. प्रौढांना २ ग्रॅम, १२० किलोहून अधिक वजन असेल तर ३ ग्रॅम. शस्त्रक्रिया चार तासांहून लांबली किंवा दीड लिटरहून अधिक रक्त गेले, तर मात्रा पुन्हा द्यावी लागते. ही दुसरी मात्रा हमखास विसरली जाते. गुडघ्याच्या ऑपरेशनात मांडीला दाबपट्टा बांधतात. तो फुगवण्याआधी औषध पूर्ण गेलेले हवे, नाहीतर ते पायात उतरतच नाही. सिझेरियनमध्ये बाळाची नाळ कापल्यावर औषध देण्याची जुनी रीत आता सोडून दिली आहे. तेही चिऱ्याआधीच देतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी सुरक्षा-यादी आणली, तिच्यात हा प्रश्न मुद्दाम घातला आहे. चिरा घेण्याआधी सगळे क्षणभर थांबतात आणि एकजण मोठ्याने विचारतो: गेल्या ६० मिनिटांत प्रतिजैविक दिले का? यादीची पहिली चाचणी आठ शहरांत झाली, त्यांत नवी दिल्लीही होते.

लहानपणी पेनिसिलीनने अंगावर पुरळ आल्याचे सांगणाऱ्या रुग्णांना पुष्कळदा सेफाझोलिन नाकारून व्हॅन्कोमायसिन लावतात. पेनिसिलीन आणि सेफाझोलिन यांची रासायनिक ठेवण इतकी वेगळी आहे की त्यांतल्या बहुतेकांना सेफाझोलिन सुखरूप देता येते. व्हॅन्कोमायसिन सलाईनमधून तासभर सोडावे लागते, त्यामुळे दोन तास आधीच तयारी लागते. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत मात्र सेफाझोलिन एकटे पुरत नाही, जोडीला मेट्रोनिडाझोल लागते.

नियम सर्वांत जास्त मोडला जातो तो टाके घातल्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१७ मध्ये स्वच्छ सांगितले, की चिरा बंद झाल्यावर प्रतिबंधासाठी पुढची मात्रा नको. जखमेत नळी ठेवली असली तरी नको. तरीही आपल्याकडे साध्या हर्नियानंतरही पाच-सात दिवसांच्या गोळ्यांची चिठ्ठी हातात पडते, आणि सेफाझोलिनच्या जागी सर्रास सेफ्ट्रियाक्झोन दिले जाते. सेफ्ट्रियाक्झोन जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘जपून वापरा’ या गटातले आहे. सेफाझोलिन पहिल्या पसंतीच्या गटातले. या लांबवलेल्या कोर्सच्या मागे निष्काळजीपणा नसतो, काळजीच असते. टाके पिकले तर आपल्यावर येईल ही डॉक्टरांची धास्ती, आणि औषध कमी म्हणजे लक्ष कमी ही नातेवाइकांची समजूत. पण जादा दिवसांनी जखमेचा संसर्ग कमी होत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील सुमारे ७९ हजार रुग्णांची माहिती तपासली गेली, तेव्हा वाढत्या दिवसांबरोबर मूत्रपिंडाची इजा आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब लावणाऱ्या जंतूचा आतड्यातला संसर्ग वाढलेला आढळला. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढतात, ते वेगळेच.

आठवण करून देणे एवढ्याने ही सवय सुटत नाही. म्हणून काही रुग्णालयांनी रुग्णाच्या कागदावर औषध थांबवण्याची वेळ आधीच छापून ठेवली आहे. ती उलटल्यावर सिस्टर पुढची मात्रा देत नाहीत. द्यायची असेल, तर डॉक्टरांना कारण लिहून नवी सूचना द्यावी लागते.