खुलासा : सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला अटक?

‘ग्रुपवर कुणीही आक्षेपार्ह पोस्ट टाकली तर ॲडमिनवर गुन्हा’ हा मेसेज निवडणूक आली की नाशिकच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास फिरतो. मग इंदिरानगर असो वा पंचवटी, घाबरलेले ॲडमिन ग्रुप ‘फक्त ॲडमिन’वर टाकतात आणि पाणी न आल्याची साधी तक्रारही बंद होते. हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

मेसेजमधला सरसकट दावा खोटा आहे. गोंदियाच्या एका प्रकरणात सदस्याने महिलेबद्दल अश्लील मजकूर टाकला आणि त्याला न काढल्याबद्दल ॲडमिनवरही गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये ॲडमिनवरची कारवाई रद्द केली. पोस्ट पडण्याआधी ती अडवणं ॲडमिनच्या हातात नसतं. संगनमत किंवा पूर्वनियोजित कट दिसत नसेल तर दुसऱ्याच्या पोस्टचा गुन्हा त्याच्यावर येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. 2022 मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही हाच सूर लावला. अर्थात, ॲडमिनने स्वतः तसा मजकूर टाकला किंवा पुढे पाठवला तर जबाबदारी त्याचीच.

तरीही तक्रार आली की हात झटकू नका. तक्रार करणाऱ्या व्यक्तीचं म्हणणं आधी पूर्ण ऐका, स्क्रीनशॉट ठेवायला सांगा, मग पोस्ट ‘सर्वांसाठी’ हटवा. ज्याने टाकली त्याच्याशी ग्रुपवर नव्हे, फोनवर बोला. चारचौघांत झापलं की माणूस हट्टाला पेटतो. धमकी किंवा अश्लीलता असेल तर मात्र समजूत घालत बसू नका, तक्रार करणाऱ्या व्यक्तीसोबत पोलिसांकडे जा.